बुडालेल्या गावाची वहिवाट

आजचा विषय आहे, विस्थापित माणसं हरवलेलं घर कशी आठवतात. विषय जगभर पसरलेला आहे आणि आपल्याकडे तास आहे एक. तेव्हा कुठेतरी खुंटी ठोकावी लागणार. आम्ही ती धरणापाशी ठोकतो आहोत. फाळणी येईल, पॅलेस्टाइन येईल, पण तुलनेपुरतं. धरणं आपल्या दाराशी आहेत, त्यांचं पाणी आपण पितो, आणि त्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या आठवणीकडे मराठी समीक्षेनं नीट पाहिलेलं नाही, असं आमचं म्हणणं आहे. म्हणणं थोडं भांडखोर आहे. पण व्याख्यानाला येऊन सगळ्यांनी माना डोलवायच्या असतील तर व्याख्यान कशाला?

एका शब्दापासून सुरू करू. स्मरणरंजन. गावाविषयी, घराविषयी कुणी हळवेपणानं लिहिलं की आपल्या समीक्षकांच्या पोतडीतून हा शब्द बाहेर येतो. त्याचा इतिहास मजेशीर आहे, म्हणजे ज्या युरोपीय शब्दासाठी आपण तो घडवला त्याचा. योहान्नेस होफर नावाच्या एका वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं १६८८ साली बाझल इथं प्रबंध लिहिला. घरापासून लांब राहणारी स्विस माणसं झुरतात, खात नाहीत, झोपत नाहीत, आजारी पडतात, असं त्याचं निरीक्षण. या आजाराला त्यानं नाव दिलं नॉस्टॅल्जिया. ग्रीकमधले दोन शब्द जोडले: नोस्टोस म्हणजे घरी परतणं आणि आल्गोस म्हणजे वेदना. परतीची वेदना. त्यावर खात्रीचा उपाय कोणता, तर रोग्याला घरी पाठवा.

आता आपला शब्द पाहा. स्मरणरंजन. यात वेदना कुठे गेली? तिच्या जागी रंजन आलं. परतणं कुठे गेलं? त्याच्या जागी स्मरण आलं. आणि घर? ते तर कुठेच नाही. काही जण गतकातरता म्हणतात. तो शब्द बरा, त्यात निदान काळीज हलतं. पण तिथंही 'गत' आहे, म्हणजे गेलेला काळ. होफरचा रोगी एका जागेसाठी झुरत होता. आपल्या दोन्ही शब्दांनी जागा पुसून टाकली आणि तिथं काळ बसवला.

हे आपोआप झालेलं नाही. आपल्या वाङ्मयात गावाची आठवण प्रामुख्यानं कुणी लिहिली? शिक्षणासाठी, नोकरीसाठी मुंबई-पुण्याला आलेल्या माणसानं. त्याचं गाव जागच्या जागी होतं. गणपतीला, शिमग्याला, उन्हाळ्याच्या सुट्टीत तो एस. टी. पकडून तिथं जाऊ शकत होता आणि जातही होता. त्याचं हरवलं होतं ते बालपण. आजीचा हात, परसातला फणस, पहिल्या पावसाचा वास. हे सगळं काळानं नेलं, आणि काळानं नेलेल्या गोष्टीविषयी तक्रार कुणाकडे करणार? मग उरतो तो गोड उसासा. आम्ही त्या लेखनाला नावं ठेवत नाही, आमच्याही पिढीचा जीव त्यावर पोसला आहे. पण या एका साच्यातून आपण सगळ्यांच्या आठवणी वाचू लागलो, इथं गाडी चुकली. धरणग्रस्त म्हातारा आपल्या विहिरीविषयी बोलतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की हा बालपणाविषयी बोलतो आहे. तो विहिरीविषयीच बोलत असतो. किती परस खोल होती, पाणी कधी आटायचं, त्यावर किती बिघे भिजायचे आणि पंचनाम्यात तिचे किती रुपये धरले.

बरं, सगळी विस्थापनं एका जातीची नसतात. यात थोडी तत्त्वज्ञानाच्या मास्तरांची सवय आहे, भेद करून पाहण्याची. ती सहन करा.

सिंधी माणूस १९४७ नंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत येऊन पडला. पुढे त्याचंच उल्हासनगर झालं. त्याचं घर सीमेपलीकडे उभं होतं, फक्त आत दुसरं कुणी राहत होतं. १९४८ साली उखडल्या गेलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबांनी घरांच्या किल्ल्या जपून ठेवल्या. त्यांतली पुष्कळ घरं जमीनदोस्त झाली, पण किल्ली एक गोष्ट सांगत राहते: दार आमचं होतं आणि कुणीतरी ते आमच्याकडून घेतलं. या दोन्ही ठिकाणी आठवणीला समोर एक दुसरा पक्ष असतो. सीमा असते, सैन्य असतं, शत्रू असतो. आठवणीला त्यानं धार येते, कधी विषही चढतं.

धरणग्रस्ताला शत्रू नसतो. त्याला हलवणारं सरकार त्याचंच, त्यानंच मत दिलेलं. आणि पाणी ज्याच्या उसाला जातं तो शेतकरी त्याच्याच भाषेचा, पुष्कळदा त्याच्याच जातीचा, कधी तर सोयरासुद्धा. त्याला सांगितलेलं असतं की तू त्याग कर, सगळ्यांचं भलं होईल. आता ज्यानं त्याग केला त्यानं रडायचं कसं? त्यागाची तक्रार केली की त्याग बाटतो. या कात्रीत सापडलेली ही आठवण आहे, आणि तिचा घाट फाळणीच्या आठवणीहून वेगळा आहे. आमचं आजचं प्रमेय म्हणा हवं तर, ते असं: धरणाचा विस्थापित एकाच वेळी दोन गोष्टी आठवतो, घर आणि वचन. गाव सोडताना त्याला काहीतरी कबूल केलेलं होतं. आपल्याला त्याच्या बोलण्यातलं घर ऐकू येतं. वचन ऐकू येत नाही.

मुळशीचं उदाहरण इथं अपवाद म्हणून सांगायला हवं. १९२१च्या रामनवमीला सुरू झालेला तो सत्याग्रह. तिथं वचनाची भाषाच नव्हती, 'जान किंवा जमीन' अशी सरळ घोषणा होती, कारण समोर परकं सरकार आणि खाजगी कंपनी. सेनापती बापट ही उपाधी त्याच लढ्याशी जोडलेली आहे, हे आपण जाणताच. पण त्या लढ्याची एक बाजू कमी बोलली जाते. राजेंद्र व्होरांनी आपल्या अभ्यासात ती नीट मांडली आहे. मुळशी पेट्यातल्या पुष्कळशा जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या आणि मावळे त्या कुळ म्हणून कसत होते. मोबदला घेऊन मोकळं व्हायला सावकाराची हरकत नव्हती. जीव अडकला होता तो कसणाऱ्याचा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच प्रश्न उभा राहिला होता: घर हरवतं ते नेमकं कुणाचं? ज्याच्या नावावर आहे त्याचं, की जो तिथं राहतो त्याचं? हा प्रश्न मनात ठेवा, तो परत येणार आहे.

आता कुर्डीला जाऊ. दक्षिण गोव्यात, सांगे तालुक्यात, साळावली नदीच्या काठी हे गाव होतं. साळावली ही जुवारीची उपनदी. सह्याद्रीच्या पायथ्याचं सुपीक खोरं, भातशेती, माड, काजू, फणस. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे नांदत होते. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी राज्याच्या पहिल्या मोठ्या धरणाची कल्पना मांडली, आणि गावकऱ्यांच्या आठवणीप्रमाणे ते स्वतः येऊन लोकांशी बोलले. तुमचं जाईल, पण सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल, असा त्या बोलण्याचा आशय. सहाशेहून अधिक कुटुंबं उठली. त्यांना दुसरीकडे जमीन मिळाली, मोबदला मिळाला. १९८६च्या सुमाराला गाव पाण्याखाली गेलं.

आणि तेव्हापासून ते दर वर्षी परत येतं. मे महिन्यात जलाशयाची पातळी उतरते आणि कुर्डी उघडी पडते. घरांची जोती, विहिरींचे कठडे, वाळलेले बुंधे, भेगाळलेला चिखल. मग कुर्डीचे लोक तिथं जातात. हिंदू सोमेश्वराच्या देवळापाशी उत्सव करतात, ख्रिस्ती आपल्या कपेलापाशी फेस्त करतात. पाऊस लागला की सगळं पुन्हा खाली.

वर्तमानपत्रांना आणि अलीकडे मोबाइलवर चित्रफिती करणाऱ्यांना हे फार आवडतं. वर्षातून एकदा दिसणारं गाव! अद्भुत! मथळे ठरलेले, उडत्या कॅमेऱ्यातून घेतलेली दृश्यं ठरलेली, पार्श्वसंगीतात बासरी ठरलेली. यात खोटं काही नाही. पण यातली कुर्डी म्हणजे भग्नावशेष. पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं, प्रेक्षणीय. ज्याचं जोतं आहे तो माणूस तिथं काय करतो याकडे बघा. तो सावरून चालतो, म्हणतो, इथून आत या, ते न्हाणीघर होतं. भिंत नाही, दार नाही, तरी तो दारातूनच आत जातो. आम्हाला वाटतं, समीक्षकानं टिपायची गोष्ट ही आहे.

मॉरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ साली मांडलं की आठवण एकट्या डोक्यात राहत नाही. तिला समूहाची चौकट लागते. माणसं एकमेकांच्या आधारानं आठवतात. पुढे त्यानं जागेचाही विचार केला: समूह आपली आठवण दगडमातीवर टेकवून ठेवतो, म्हणून शहराचे दगड हलवले की माणसं इतकी बिथरतात. (हा माणूस पुढे नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीत १९४५ साली मेला. विस्थापनाविषयी बोलताना ते विसरता येत नाही.) कुर्डी म्हणजे हाल्बवाक्सच्या सिद्धान्ताची विलक्षण परीक्षा आहे. दगड गेले, आणि वर्षातून एक महिना दगड परत येतात.

दुसरा सिद्धान्त स्वेतलाना बॉइम यांचा. २००१ सालच्या पुस्तकात त्या नॉस्टॅल्जियाचे दोन प्रकार करतात. एक पुनःस्थापना करू पाहणारा, म्हणजे हरवलेलं घर जसंच्या तसं पुन्हा बांधू म्हणणारा. त्यातून राष्ट्रवादी वेड निघू शकतं. दुसरा चिंतनशील, जो परत जाता येत नाही हे ओळखून त्या अंतरातच रमतो. मांडणी सुंदर आहे आणि आपल्याकडे ती हल्ली फार उद्धृत होते. पण कुर्डीला ती लागू होत नाही. कुर्डीच्या कुणी धरण फोडा म्हटलेलं नाही, तेव्हा पुनःस्थापना नाही. आणि उन्हात, चिखलातून, नैवेद्याची भांडी घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला चिंतनशील म्हणायचं तर चिंतन या शब्दावर अन्याय आहे. ही माणसं रमायला जात नाहीत. ती काम करायला जातात.

या कामाला मराठीत फार चांगला शब्द आहे आणि तो समीक्षेत नाही, तलाठ्याच्या दप्तरात आहे. वहिवाट. एखाद्या रस्त्यानं, एखाद्या बांधावरून वर्षानुवर्षं जात राहिलं की वहिवाट पडते. ती मोडायची नसेल तर जात राहावं लागतं. एखादं वर्ष चुकलं तर शेजारी काटेरी झाप लावून मोकळा होतो. वहिवाटीत भावना असेल किंवा नसेल, पाय मात्र लागतात. कुर्डीचे लोक मे महिन्यात जे करतात ती गावाची वहिवाट आहे. ती कोर्टात टिकणार नाही हे त्यांना ठाऊक आहे, जमीन केव्हाच सरकारजमा झाली. पण देव अजून तिथं आहे, त्याच्याकडे जाण्याची वाट आम्ही मोडू दिलेली नाही, एवढं ते दर वर्षी पायांनी सांगतात.

आणि वचन? साळावलीचं पाणी दक्षिण गोव्यात दूरवर गेलं. परंतु कुर्डीचे काही लोक वाडें इथं वसले, आणि त्यांनी २०१९ साली पत्रकारांना सांगितलं की धरणाचं पाणी आमच्यापर्यंत आलेलंच नाही, उन्हाळ्यात विहिरी आटतात, टँकरवर भागवावं लागतं. त्याच उन्हाळ्यात, बरं का, ज्या उन्हाळ्यात त्यांचं गाव पाण्यातून वर येतं. यात कुणाला काव्यात्म विसंगती दिसेल. त्या माणसाला हिशोब दिसतो. 'बुडीत' हा शब्द आपण क्षेत्रालाही लावतो आणि कर्जालाही लावतो, त्याचं कारण अशा वेळी कळतं.

कुर्डीतून आणखी एक गोष्ट हलवली गेली: प्राचीन महादेव मंदिर. पुरातत्त्व खात्यानं ते उतरवलं आणि धरणाजवळ दुसऱ्या जागी पुन्हा उभारलं. अशा कामात प्रत्येक दगडाला क्रमांक घालतात, कोणता दगड कुणाच्या शेजारी होता त्याचे नकाशे करतात, मग त्याच क्रमानं रचतात. काम उत्तम झालं, त्याबद्दल खात्याला धन्यवाद. पण मनात येतंच. कोण कुणाच्या शेजारी होतं हे दगडांच्या बाबतीत टिपून ठेवायचं राज्यसंस्थेला सुचतं. माणसांच्या बाबतीत? कोयनेचं धरण १९५०च्या आणि ६०च्या दशकांत झालं. तिथले लोक ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर असे पांगले. एकेका गावाचे तुकडे वेगवेगळ्या जिल्ह्यांत. महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा कायदा १९७६चा, म्हणजे कोयनेचे लोक उठल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. हाल्बवाक्स म्हणतो तसं माणसं एकमेकांच्या आधारानं आठवत असतील, तर गावाचे तुकडे करणं म्हणजे आठवणीची चौकटच मोडणं. घराचा मोबदला ठरवता येतो. शेजाराचा रकाना फॉर्मात नसतो.

इथवर तुम्हाला वाटलं असेल की आम्ही विस्थापितांच्या आठवणीची आरती करतो आहोत. तर आता दुसरी बाजू.

कुर्डीला गेलेल्यांना एक घर हटकून दाखवतात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं. १९०४ साली मोगूबाईंचा जन्म या गावचा. पुढे त्या मुंबईत स्थिरावल्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या, किशोरी आमोणकरांच्या त्या आई आणि गुरू. आपल्याकडे आडनावाला 'कर' लागला की गाव माणसाबरोबर चालू लागतं. कुर्डी पाण्याखाली गेली तरी 'कुर्डीकर' मैफलींच्या पत्रिकांवर, ध्वनिमुद्रिकांवर राहिली. गावाला अभिमान वाटणं स्वाभाविक आहे. पण मोगूबाईंनी गाव सोडलं ते धरणामुळे नव्हे. धरणाच्या कित्येक दशकं आधी, लहानपणीच, नाटक कंपन्यांच्या वाटेनं त्या बाहेर पडल्या. देवळाच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या कलावंत घराण्यांतल्या मुलींना त्या काळच्या गावात कोणती जागा होती? गाव आज ज्या घराकडे बोट दाखवतं, त्या घराला गावानं तेव्हा काय मान दिला होता? हा प्रश्न एकट्या कुर्डीला नाही, गोव्यातल्या आणि कोकणातल्या कितीतरी गावांना विचारावा लागेल. हरवलेलं गाव आठवणीत उभं राहताना एक सोय करून घेतं: ज्यांना त्यानं पूर्वी बाहेर ठेवलं त्यांना तो आता कौतुकानं आत घेतो, आणि बाहेर ठेवल्याचं विसरतो.

मराठी वाचकाला हे नवं नको. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय खेड्याच्या गोडव्यांची जी झडती घेतली ती प्रसिद्धच आहे. दया पवारांचं 'बलुतं' १९७८चं. त्यात गाव तपशिलानं आठवलेलं आहे, आणि तरी तिथं परतावं अशी ओढ हा त्या पुस्तकाचा सूर नाही. मग धरणाखालच्या गावात जो गावकुसाबाहेर राहत होता, त्याची आठवण कशी असेल? त्याचंही घर बुडालं. पण जोत्यावर उभा राहून तो 'आमचं गाव' म्हणेल का? की म्हणेल, बुडालं ते बरं झालं, फक्त माझी झोपडी तेवढी सरकारनं मोजायला हवी होती? ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून निघू शकतात, आणि ती एकत्र ऐकायची तयारी ज्या समीक्षेची नाही तिनं या विषयाला हात घालू नये.

इथं मुळशीचा प्रश्न परत येतो. मोबदला खातेदाराला मिळतो. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो मजूर, तो कारागीर, ती परित्यक्ता बाई, यांची नोंद बुडीत क्षेत्राच्या यादीत धड होत नाही. आणि गाव आठवणारेही पुन्हा बहुतेक खातेदारच असतात, कारण ते एकत्र राहिले, त्यांच्या वसाहती झाल्या, त्यांची मंडळं झाली. म्हणजे जो सरकारी यादीतून सुटला तो आठवणीच्या यादीतूनही सुटायची भीती. या बाबतीत आम्ही विस्थापितांच्या संघटनांनाही सवलत देत नाही.

आता वाङ्मयाकडे. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९१ साली आली, १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. लेखक स्वतः महसुली प्रशासनातले. या कादंबरीची समीक्षा बहुधा एकाच अंगानं झाली: सामाजिक प्रश्न, भ्रष्टाचार, शासनयंत्रणा. पानं जास्त आहेत, तपशील जास्त आहेत, पसरट आहे, अशी तक्रारही काहींनी केली. आम्ही उलट म्हणतो, तपशील हाच तिचा प्राण आहे. नोटिसा, पंचनामे, नकाशे, कचेरीतले खेटे, लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांचा विरोध. का? कारण ही कादंबरी घराच्या आठवणीची नाहीच. ती वचनाच्या आठवणीची आहे, आणि वचनाची आठवण कागदांच्या रूपानंच राहते. धरणग्रस्ताच्या ट्रंकेत जुन्या घराचा फोटो सापडेल न सापडेल, कागदांची चळत सापडतेच. कोणत्या तारखेला कोणता साहेब काय बोलला हे त्याला तोंडपाठ असतं. ज्याला आपण कंटाळवाणा तपशील म्हणतो ती त्याची स्मृती आहे.

'झाडाझडती'बद्दल आमचा आक्षेप वेगळा आहे. माणसं तिथं फार लवकर पीडित होतात. उठवली जाण्यापूर्वी ती काय जाणत होती, कोणत्या जमिनीत काय पिकतं, नदीचा स्वभाव काय, जंगलात कुठं काय मिळतं, या ज्ञानाला तिथं दुःखाच्या मानानं कमी जागा आहे. विस्थापनानं घर जातं तसं ज्ञानही जातं. भाताच्या खाचरात आयुष्य काढलेला माणूस सोलापूरच्या काळ्या रानात नेऊन ठेवला की तो एका दिवसात अडाणी होतो. त्याची निम्मी आठवण म्हणजे हे निरुपयोगी झालेलं शहाणपण असतं.

ही उणीव भरून काढणारं लेखन कादंबरीत नाही, मौखिक इतिहासात मिळतं. नंदिनी ओझा यांचं 'लढा नर्मदेचा' हे पुस्तक आमच्या मते या बाबतीत फार मोलाचं आहे. नर्मदाकाठच्या केशव वसावे आणि केवलसिंग वसावे या दोन आदिवासी नेत्यांचं कथन त्यात आहे. ज्यांच्या कसत्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या होत्या, पण वनखात्याच्या लेखी अतिक्रमण ठरत होत्या, अशा मुलखाची ही हकीकत. तिथं सातबारा मुळातच नाही, तेव्हा आठवण हाच दाखला. कोण कुठं राहत होतं, कुणाची जमीन कुठपर्यंत, कोणता देव कोणत्या डोंगरावर, हे सांगता आलं तरच तुम्ही तिथले. असं कथन वाचताना स्मरणरंजन हा शब्द उच्चारून पाहा, जीभ अडखळते.

जगात याचे नमुने आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातल्या नष्ट झालेल्या यहुदी वस्त्यांच्या वाचलेल्या लोकांनी शेकड्यांनी स्मृतिग्रंथ केले. गल्ल्यांचे नकाशे आठवणीतून हातानं काढले, मेलेल्यांच्या नावांच्या याद्या दिल्या. १९८०च्या दशकापासून पॅलेस्टिनी लोकांनीही आपापल्या गावांचे असे ग्रंथ केले, आणि वालिद खालिदी यांनी १९९२ साली अशा ४१८ गावांची नोंद एका खंडात आणली. एकाच भूमीच्या वादातले हे दोन समाज, आणि हरवलेल्या गावाचं पुस्तक करायची त्यांची रीत इतकी सारखी! नकाशा, कुळांची यादी, विहिरी, शेतांची नावं. या पुस्तकांत दोषही सारखाच दिसतो: गावातली आपसातली भांडणं, वरखालीपणा यांच्याबद्दल ती बहुधा गप्प असतात. तरीही ती आहेत. आपल्याकडे देवस्थानांचे स्मृतिग्रंथ निघतात, सहकारी कारखान्यांचे सुवर्णमहोत्सवी ग्रंथ निघतात, गुळगुळीत कागदावर. बुडालेल्या गावाचा ग्रंथ काढायची परंपरा रुजली नाही.

शेतांच्या नावांचा उल्लेख झाला, त्यावर थोडं थांबतो. आपल्याकडे प्रत्येक वावराला नाव असतं. चिंचेचा मळा, वडाची पट्टी, पांढरीतलं, ओढ्याकडचं, म्हातारीचा तुकडा. ही नावं सातबाऱ्यावर नसतात, तिथं गट नंबर असतो. गावाचं नाव पुनर्वसनात टिकतं. नव्या गावठाणाच्या पाटीवर तेच नाव लिहितात, फार तर आधी 'नवे' जोडतात. उजनीच्या पाण्यात पळसदेव गेलं, तरी पुणे-सोलापूर रस्त्यावर पळसदेव आहे, आणि उन्हाळ्यात धरण आटलं की जुन्या पळसनाथाचं देऊळ वर आलं म्हणून लोक बघायला जातात. माणसांची नावं नातवंडांना देऊन टिकवता येतात. देव टिकतो. वावरांची नावं मात्र एका पिढीत मरतात, कारण ती नावं घेण्याचं कारणच राहत नाही. 'चिंचेच्या मळ्यात जाऊन ये' असं ज्या मुलाला कधी सांगितलंच नाही, तो ते नाव कशाला लक्षात ठेवील?

१९८६ साली तिशीत असलेला माणूस आज सत्तरीत आहे, आमच्याच वयाचा. कोयनेचे तर त्याहून थोरले, आणि थोडे. यांच्या तोंडून दोन याद्या उतरवून घ्यायच्या आहेत. एक वावरांची, वाटांची, पाणवठ्यांची, आणि कोणत्या पाणवठ्यावर कुणाला भरू देत नव्हते, हेही त्याच यादीत. दुसरी वचनांची: कोण आलं, कधी आलं, काय कबूल केलं. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी विद्यापीठाची वाट पाहू नये. साधी वही पुरते.

वेळ झाली आहे. 'बलुतं' आणि गावाविषयीची ओढ नसलेली आठवण, हा धागा आज ओझरताच आला. पुढच्या व्याख्यानात तो घेऊ.